सगेसोयऱ्यांचा मसुदा: एकवीस दिवसांची नोटीस आणि सहा लाख हरकती

२७ जानेवारी २०२४, शनिवार. वाशीच्या शिवाजी चौकात मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हातून मनोज जरांगे पाटील यांनी फळांचा रस घेतला, मराठा आरक्षणासाठीचे उपोषण सुटले, गुलाल उधळला गेला. अंतरवाली सराटीहून २० तारखेला निघालेला मोर्चा मुंबईच्या वेशीवरून परत फिरला. हाती आदल्या दिवशीच्या तारखेचा एक सरकारी कागद होता: कुणबी नोंद सापडलेल्यांच्या सगेसोयऱ्यांनाही दाखला देण्याबाबतचा. गर्दीत आणि बातम्यांत त्या कागदाचे नाव एकच चालले होते: ‘अध्यादेश’.

तो अध्यादेश नव्हता. इथूनच हे प्रकरण समजून घ्यावे लागते, कारण पुढचा बराचसा घोळ या एका शब्दात आहे.

अध्यादेश राज्यपाल काढतात, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ खाली, विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना. निघाला की तो कायदाच असतो. शासन निर्णय, ज्याला आपण सगळेच जीआर म्हणतो, हा खात्याचा कार्यकारी आदेश. त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. अधिसूचना राजपत्रात येते, पण तिचे दोन प्रकार पडतात. अंतिम अधिसूचनेने नियम लागू होतो. मसुद्याच्या अधिसूचनेने काहीच लागू होत नाही. शासन तिच्यातून एवढेच सांगत असते की असा नियम करायचे मनात आहे, कोणाला काही म्हणायचे असेल तर अमुक तारखेच्या आत लिहून कळवा. वाशीत दिला गेला तो हा शेवटचा कागद. छगन भुजबळ यांनी लगेचच हे जाहीरपणे सांगितले आणि ओबीसींना लाखोंच्या संख्येने हरकती पाठवण्याचे आवाहन केले. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याला जे वाटायचे ते वाटो, कागद त्यांनी बरोबर वाचला होता.

मराठा आरक्षण योग्य की अयोग्य, हा माझा इथला विषय नाही. नियम करण्यापूर्वी लोकांना विचारण्याची जी पद्धत आहे, तिचे या प्रकरणात काय झाले ते पाहायचे आहे. राज्यातल्या नियमांच्या मसुद्यांपैकी बहुतेकांवर दहा-वीस पत्रेसुद्धा येत नसावीत, असा माझा अंदाज. इथे लाखोंनी आली. यंत्र कुठे कुरकुरते ते असा भार पडल्यावरच दिसते.

थोडी पार्श्वभूमी. २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतर आंदोलन पेटले आणि मागणीने वळण घेतले: स्वतंत्र आरक्षण नको, कुणबी म्हणून ओबीसीत घ्या. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुनी दप्तरे उघडली. गाव नमुना १४ आणि कोतवाल बुके (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी), शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, पाहणी पत्रके, पुष्कळदा मोडी लिपीत. ५० लाखांहून अधिक कुणबी नोंदी सापडल्याचे शासनाने सांगितले. मग प्रश्न आला: ज्याच्या घरची नोंद सापडली त्याला दाखला मिळेल, पण त्याच्या सोयऱ्यांचे काय? त्याचे उत्तर म्हणून हा मसुदा.

आता कायद्याची चौकट. जातीचे दाखले आणि त्यांची पडताळणी यांसाठी राज्याचा २००० चा अधिनियम आहे (२००१ चा महाराष्ट्र अधिनियम २३). त्याखाली २०१२ चे नियम आहेत. त्या नियमांत दुरुस्ती करायची तर अधिनियमाच्या कलम १८ मधली नियम करण्याची शक्ती वापरावी लागते, आणि ती पूर्वप्रसिद्धीच्या अटीने बांधलेली आहे. म्हणजे आधी मसुदा छापा, मग हरकती घ्या, मग ठरवा.

हे सगळ्याच नियमांना लागू नसते, आणि याची कल्पना फार थोड्यांना असते. सरकारने कोणताही नियम करताना लोकांना विचारलेच पाहिजे, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९४६ पासून आहे. २०१६ मध्ये कॉल ड्रॉपची भरपाई देण्याचा दूरसंचार नियामकाचा विनियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने संसदेला सुचवले होते की त्या धर्तीवर आपणही काही करावे. तसे झालेले नाही. केंद्राचे २०१४ चे पूर्वविचारविनिमय धोरण आहे, त्यात किमान ३० दिवस सांगितले आहेत. पण ते केंद्राच्या मंत्रालयांसाठी आणि धोरण म्हणूनच. राज्यात विचारायचे की नाही हे ज्या त्या मूळ अधिनियमावर अवलंबून. अधिनियमात ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून’ हे शब्द असतील तर विचारावे लागते, नसतील तर खात्याची मर्जी.

ते शब्द असले की पुढची रीत सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने (जनरल क्लॉजेस ॲक्ट) ठरते, केंद्राची आणि राज्याचीही. त्यात सांगितलेले थोडकेच आहे: मसुदा प्रसिद्ध करा, कोणत्या तारखेला किंवा त्यानंतर तो विचारात घेतला जाईल ते लिहा, त्या तारखेपूर्वी आलेली हरकत किंवा सूचना विचारात घ्या, नियम झाला की राजपत्रातली अंतिम प्रसिद्धी हाच तो रीतसर केल्याचा निर्णायक पुरावा. किती दिवस द्यायचे याचा आकडा त्यात नाही. हरकतीला उत्तर द्यावे, ती का फेटाळली ते सांगावे, असेही नाही. मसुदा किती काळ तसाच ठेवता येतो, यावरही अक्षर नाही.

सगेसोयऱ्यांच्या मसुद्यावर तारीख होती २६ जानेवारी, प्रजासत्ताक दिन, सुट्टीचा दिवस. मसुदा १६ फेब्रुवारी रोजी किंवा त्यानंतर विचारात घेतला जाईल, असे त्यात होते. मोजले तर एकवीस दिवस. हरकती पाठवायच्या सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाच्या सचिवांकडे, मंत्रालयात. ‘बाधा पोहोचण्याचा संभव असलेल्या सर्व व्यक्तींच्या माहितीकरिता’ हा जो ठरीव वाक्प्रयोग अशा मसुद्यांच्या माथ्यावर असतो, तो वाचताना मला नेहमी थांबायला होते. इथे बाधा पोहोचण्याचा संभव असलेल्या व्यक्ती म्हणजे जवळपास निम्मे राज्य.

एक गोष्ट मात्र नीट झाली होती: मसुदा मराठीत होता. ही काही किरकोळ बाब नाही. २०२० मध्ये केंद्राने पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत काढला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाला मुदत वाढवून भाषांतरे करा म्हणून सांगावे लागले. त्याहून जुना मासला रामपूरचा आहे. तिथल्या नगरपालिकेने कराचा प्रस्ताव हिंदीतच छापला, पण उर्दू दैनिकात. साखर कारखाना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६५ मध्ये बहुमताने निकाल लागला की प्रसिद्धी करणे सक्तीचेच, पण ती कोणत्या वर्तमानपत्रात ही रीत तेवढी सक्तीची नाही. लोकांना कळण्यासारखे झाले होते, पुरे. आजही हा निकाल पूर्वप्रसिद्धीच्या वादात निघतो.

मसुद्याचा गाभा एका व्याख्येत होता. ‘सगेसोयरे’ या संज्ञेत अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांत जातीत झालेल्या लग्नसंबंधांतून निर्माण झालेले नातेवाईक येतील, सजातीय विवाहातून जुळलेली नातीही येतील, असा तिचा आशय. ज्याची कुणबी नोंद सापडली आहे त्याने अर्जदार आपला सगासोयरा असल्याचे शपथपत्र द्यायचे, मग गृहचौकशी करून दाखला.

बोलीत ‘सगेसोयरे’ म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. लग्नपत्रिकेत ज्यांची नावे येतात ते सगळे. पण बोलीतला शब्द नियमात बसवला की त्याला कडा लागतात, आणि इथे त्या कडा कोणी तपासल्या होत्या असे वाटत नाही. एक घर घेऊन पाहू. समजा अर्जदाराच्या आजोबांची बहीण शेजारच्या तालुक्यात दिली होती. तिच्या सासरी, तिच्या दिराच्या जन्माच्या नोंदीत ‘कुणबी’ लागलेले सापडले. त्या दिराचा नातू आज शपथपत्र द्यायला तयार आहे. व्याख्येप्रमाणे तो अर्जदाराचा सोयरा, कारण नाते लग्नातून आले आहे. पण ते लग्न ‘जातीत’ झाले होते हे कशावरून? दिराची जात कुणबी लिहिलेली आहे, आजोबांची मराठा. लग्न सजातीय होते असे धरले तर दोघे एकच जात ठरतात, आणि मग अर्जदार कुणबी ठरतो. धरले नाही तर व्याख्याच लागू होत नाही. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. गृहचौकशीला आलेला कर्मचारी त्या ओसरीवर बसून नेमके काय तपासणार होता? लग्न झाले होते की नाही हे तो विचारू शकेल. १९३० साली झालेले ते लग्न कोणत्या जातीत झाले, हे तो कोणाला विचारणार?

दुसरी अडचण. जात पडताळणीत आजवर वजन राहिले आहे ते वडिलांकडच्या रक्तनात्याला; चुलत्याला वैधता मिळाली असेल तर पुतण्याचे काम सोपे होते. सोयरे म्हणजे लग्नाने जोडलेले. नात्याचा हा प्रकारच वेगळा. शिवाय मूळ अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे. नियमाने तो भार एका नातेवाइकाच्या शपथपत्रावर कितपत उतरवता येतो? नियम अधिनियमाच्या बाहेर जाऊ शकत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

तिसरी गोष्ट नियमांच्या नावातच आहे. २०१२ चे नियम अनुसूचित जाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग अशा सगळ्यांचे आहेत. एका समाजाचा प्रश्न सोडवायला लिहिलेली व्याख्या त्या नियमांत घातली की तिची सावली बाकीच्यांवर पडणार का, हे मसुद्याने स्पष्ट करायला हवे होते.

आणि उलट बाजूनेही म्हणण्यासारखे पुष्कळ होते. जुन्या नोंदी एका भावाच्या घरी टिकल्या आणि दुसऱ्याच्या गावचे दप्तर वाळवीने खाल्ले, तर दुसऱ्याने काय करायचे? मराठवाड्यात, निजामाच्या राज्यातल्या दप्तरांबाबत, हा प्रश्न खरा आहे. शपथपत्राला पूरक म्हणून कोणते कागद चालतील याची यादी सुचवता आली असती. किती पिढ्यांपर्यंत, याची मर्यादा सुचवता आली असती. ‘सूचना’ हा शब्द ‘हरकती’च्या जोडीला उगाच नसतो.

प्रत्यक्षात काय आले? संघटनांनी हरकतींचे नमुने तयार केले, ते मोबाइलवरून फिरले, नाव-गाव भरून सह्या झाल्या, गठ्ठे मंत्रालयात गेले. दुसऱ्या बाजूनेही पाठिंब्याची पत्रे पाठवण्याची हाक गेली. २० फेब्रुवारीच्या विशेष अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सुमारे सहा लाख हरकती आल्याचे आणि छाननी चालू असल्याचे सांगितले. त्याच दिवशी विधिमंडळाने मराठा समाजाला १० टक्के स्वतंत्र आरक्षण देणारे विधेयक मंजूर केले.

छापील नमुन्यावर सही करणाऱ्याला मी हसणार नाही. ज्याला मंत्रालयाचा दरवाजा माहीत नाही त्याच्यासाठी तेवढाच मार्ग असतो, आणि इतक्या लोकांनी पत्र पाठवण्याची तसदी घेतली ही स्वतःच एक माहिती आहे. पण कायदा मते मोजायला सांगत नाही. एकच मजकूर लाखभर वेळा आला तर विचारात घेण्याजोगा मुद्दा एकच असतो. आणि एखाद्या निवृत्त तलाठ्याने दोन पानांत गाव नमुना १४ मधली नोंद कशी चुकते हे लिहून पाठवले असेल तर तो स्वतंत्र मुद्दा, भले सही एकच असो. आवक शाखेत दोघांवर सारखाच शिक्का बसतो. गठ्ठ्यातून ती दोन पाने बाहेर काढणे हेच छाननीचे खरे काम.

ते कसे करता येते हे काही गूढ नाही. आधी मजकुराप्रमाणे गट पाडायचे. मग मुद्द्यांचा तक्ता: मुद्दा, किती पत्रांत आला, खात्याचे म्हणणे, विधी व न्याय विभागाचे मत, बदल सुचवला का. सहा लाख पत्रांचा असा तक्ता चाळीस-पन्नास ओळींच्या वर जाईल असे मला वाटत नाही. तो प्रसिद्ध झाला असता तर दोन्ही बाजूंना निदान कळले असते की अडले नेमके कुठे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ (१) (ग) महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये आपणहून जाहीर करायला सांगते, त्याच्या पुढचे पोटकलम बाधित लोकांना निर्णयाची कारणे द्यायला सांगते. म्हणजे तक्ता छापायला नवा कायदा लागत नव्हता. तसे न होता लोकांसमोर राहिला तो फक्त आकडा, आणि तो आकडा दोन्हीकडे आपापल्या परीने वापरला गेला. एकीकडे ‘एवढा विरोध आहे’ म्हणून, दुसरीकडे ‘छाननीच्या नावाखाली वेळ काढताहेत’ म्हणून.

माझ्या मते चूक छाननीच्या आधीची आहे. मसुदा हा प्रश्न असतो. वाशीत तो उत्तर म्हणून दिला गेला, आणि घेणाऱ्यांनीही तो तसाच घेतला. एकदा उपोषण त्या कागदावर सुटले की शासनाला तो मागे घेणे अवघड, कारण शब्द मोडल्यासारखे होते. अंतिम करणेही अवघड, कारण सहा लाख हरकती उशाशी आहेत, आणि त्या न वाचता नियम केला तर न्यायालयात पहिला मुद्दा तोच निघणार. ज्या निर्णयाबद्दल मन मोकळे ठेवायचे, त्याचा सोहळा आधीच करून झाला होता.

त्यानंतरचे थोडक्यात. जरांगे पाटील फेब्रुवारीत पुन्हा उपोषणाला बसले, जूनमध्ये परत. मागणी: सगेसोयऱ्यांची अंमलबजावणी करा. त्याच जूनमध्ये जालना जिल्ह्यातच वडीगोद्रीला ओबीसी कार्यकर्ते लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. मागणी: ओबीसी आरक्षणाला धक्का लागणार नाही हे लेखी द्या, सगेसोयऱ्यांचा मसुदा नको. दोन्ही मंडपांत मंत्री गेले, दोन्हीकडे आश्वासने दिली गेली. अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही गावे काही लांब नाहीत. शासनाची गाडी एकाच रस्त्याने जाऊन दोन्हीकडे थांबत असणार.

मग ऑगस्ट २०२५ च्या शेवटी आंदोलन आझाद मैदानावर आले आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी दाखले देण्याबाबत एक कागद निघाला. या वेळी तो शासन निर्णय होता. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची गावपातळीवर समिती. जमिनीचा पुरावा नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या भागात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र. आणि गावातल्या किंवा कुळातल्या नात्यातल्या कोणाला कुणबी दाखला मिळाला असेल व तो नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असेल, तर समितीने चौकशी करायची. नात्यातल्या माणसाचे प्रतिज्ञापत्र आणि स्थानिक चौकशी ही जोडी वाचली की दीड वर्षापूर्वीचा मसुदा आठवतो. इथे ‘सोयरे’ नाहीत, ‘कुळ’ आहे, हा फरक मोठा आहे. तेवढाच दुसरा फरक म्हणजे या कागदावर तारखेची नोटीस नव्हती आणि हरकती मागवल्या नव्हत्या. जीआरला त्या लागत नाहीत. ज्यांना तो मान्य नव्हता त्यांनी पत्र लिहिण्याऐवजी उच्च न्यायालयाचा रस्ता धरला.

सगेसोयऱ्यांच्या मसुद्यावर मात्र त्या वेळीही छाननीचेच उत्तर मिळाले. ज्याला खरोखर जाणून घ्यायचे असेल त्याने सामाजिक न्याय विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एक अर्ज करावा. किती हरकती आल्या, हे विचारू नये; तो आकडा लगेच मिळेल. नस्तीत (फाइलमध्ये) मुद्देनिहाय टिप्पणी तयार झाली आहे का, असल्यास तिची प्रत द्या, एवढेच विचारावे.